साडेआठची झोप

रात्री साडेआठला झोपायचा गुन्हा मी जन्मात एकदाच केला.

त्याआधी महिनाभर माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी रक्तदाब मोजला नि म्हणाल्या, "मावशी, वाढलाय. आज रात्री नीट झोपा, उद्या परत मोजू. उतरला नाही, तर गोळी सुरू. रोजची!" (गोळी म्हटलं की माझा घसा आपोआप मिटतो!) मग त्यांनी झोपेचे नियम सांगितले. संध्याकाळी चहा नको, दिवा बंद, फोन बंद. "काही शंका?" शंका चांगल्या अकरा होत्या; पण चारचौघींत तोंड उघडणं माझ्या जिवावर येतं. मी नुसती मान हलवली.

आमचे हे निवृत्त फौजी. नियम ऐकून खूश! "ऑर्डर म्हंजे ऑर्डर!" साडेआठला यांनी माझा फोन बंद करून खिशात घातला, दिवे मालवले नि दारात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले.

आता सांगलीची माझी धाकटी बहीण सुमन रोज नऊला फोन करते. फोन बंद! तिनं शेजारच्या शोभाला लावला. शोभा बॅटरी घेऊन दारात.

"आवं भावजी, आक्का कुठायत?"

"शूऽऽ! निजलीया."

"आत्ता? एवढ्या लवकर?"

"आवाज न्हाई! नर्सबाईनं सांगितलंय."

झालं! विरजण लावून अकराला पाठ टेकणारी बाई साडेआठला आडवी, त्यात नर्सबाईचं नाव! शोभा फोनात रडवेली झाली, "सुमनताई, आक्कांचं काय खरं न्हाई. भावजी बघूबी देईनात!"

मी आतून सगळं ऐकत होते. उठून 'मी बरी हाय' म्हणायचं, तर तोवर दारात निम्मी आळी गोळा झालेली. एवढ्या लोकांपुढं बोलण्यापेक्षा डोळे मिटून पडणं सोपं! आणि हे, जो विचारेल त्याला "शूऽऽ!"

आजारी माणसाला त्याच दिवशी भेटायची आमच्याकडची रीत. साडेअकराला सांगलीहून जीपभरून अकरा माणसं आली, बिस्किटाचे पुडे घेऊन. (मेहुणीपुढं फौजीचं काय चालतंय!) सुमन माझ्या गळ्यात पडली, "आक्के, डोळं उघड गं!" तिच्या सासूबाईंनी माझे तळपाय काशाच्या वाटीनं घासायला घेतले. शोभानं दृष्ट काढून मिरच्या चुलीत टाकल्या. सगळं घर खोकायला लागलं. मीसुद्धा! खोकत खोकत उठून बसले.

"उठली! आक्का उठली!"

"अगं, मला काय बी झालं न्हाई! मी झोपायला बघत व्हते!"

सुमनच्या सासूबाईंनी वाटी खाली ठेवली नि म्हणाल्या, "मग चहा टाक की. लांबनं आलोय."

चहा टाकला. एवढ्या रात्री पाहुण्यांना परत कोण धाडणार? वाकळा अंथरल्या. पाच मिनिटांत सगळी ढाराढूर! आमचे हे तर पहाऱ्याच्या खुर्चीतच घोरत होते. मी भिंतीला टेकून कोण कुठल्या सुरात घोरतंय ते सकाळपर्यंत ऐकलं.

उपकेंद्रात नर्सबाईंनी दंडाला पट्टा बांधला, काटा बघितला नि गोळ्यांचं पाकीट काढलं.

"मावशी, रात्री घरात कुणी झोपलंच नाही का?"

"झोपली की, बाई," मी पदराआडून म्हटलं, "बारा जणं. नियम पाळणारी तेवढी राहिली."