देवीचा बाप

देव आपल्यावर रुसला आहे, अशी खात्री असलेला माणूस देवळात जात नाही. घराच्या मागच्या दाराने ये-जा करतो. मी सव्वा वर्ष तसाच वागलो. देवघरात दिवा लागला की मी गोठ्यात काहीतरी काम काढायचो. माय सगळं ओळखून होती, पण बोलत नव्हती. घरात बोलणं बंद करण्याचा मान तेव्हा एकट्या आबांकडे होता.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव धुळ्याच्या पश्चिमेला, पांझरेच्या काठी. चैत्रात तिथे भोवाडा होतो. देवादिकांचे मुखवटे चढवून माणसं संबळाच्या तालावर नाचतात. त्यात देवीचं सोंग आमच्या घराचं. आजोबांनी ते आबांना दिलं आणि आबांनी विसाव्या वर्षी मला. मुखवटा दीड हात उंच. त्याच्या आत माणसाला मिशी आहे की दाढी, हे कोण बघायला जातं? मी झोकात नाचायचो. बायका माझ्या पायावर पाणी घालायच्या, आणि खरं सांगायचं तर ते मला जरा जास्तच आवडायचं. रंगाने गोरा, नाकीडोळी नीटस, त्यामुळे डोक्यात हवा होतीच.

त्या सुमारास मुकी चित्रं काढणाऱ्या एका कंपनीचे मालक सोंगं बघत हिंडत आमच्या गावात आले. त्यांना देवीच्या कथेचं चित्र काढायचं होतं. कुळशीलाच्या बायका यंत्रापुढे उभ्या राहत नसत, म्हणून बाईचं कामही पुरुषच करी. त्यांनी माझं नाचणं पाहिलं आणि मुखवटा काढायला सांगितला. माझा चेहरा दोन्ही बाजूंनी न्याहाळला, आणि पुढच्या माघात मला घेऊन गेले. आबांनी आनंदाने पाठवलं. त्यांना वाटलं, मुखवट्यासकट काम असेल.

तिथे गेल्यावर कळलं, यंत्राला मुखवटा चालत नाही. त्याला माणसाचे डोळे हवेत, ओठ हवेत, आणि ओठावर मिशी नको. तीन दिवस मी जेवलो नाही. आमच्याकडे मुलगा मिशी उतरवतो ती एकदाच, बाप गेल्यावर. मालक चांगले गृहस्थ होते. त्यांनी जबरदस्ती केली नाही. फक्त म्हणाले की जिच्या नावाने इतकी वर्षं नाचलास, तिला एकदा विचारून बघ. मी कसलं विचारतोय? मोठ्या पडद्यावर आपण कसे दिसू, हाच विचार माझ्या मनात जास्त होता. चौथ्या दिवशी न्हाव्यापुढे बसलो आणि घरी दोन ओळींचं पत्रसुद्धा टाकलं नाही.

काम महिनाभर चाललं. हातात पत्र्याचा त्रिशूळ, अंगावर चंदेरी कागदाचे दागिने, चेहऱ्याला पांढरी माती. दोन दृश्यांच्या मधे मी त्याच लुगड्यात विडी ओढत बसायचो. महिषासुर झालेला पहिलवान मला म्हणायचा की आई, एक विडी दे, आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. शेवटी देवी पडलेल्या दैत्याकडे दयेने बघते, असं दृश्य होतं. मला काही केल्या दया येईना. मालक म्हणाले की ज्याचा अपराध केलास त्याला आठव. मला आबा आठवले आणि डोळे आपसूक भरून आले. मालक खूश झाले. मी मात्र त्या दिवशी विडीला हात लावला नाही.

फाल्गुनात परत आलो. धुळ्याच्या स्टेशनावर उतरून बाजारातून चाललो होतो, तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, सासरच्या कुणी मला लांबून पाहिलं. ओठ सफाचट, चेहरा उतरलेला. दुःखातल्या माणसाला भर रस्त्यात काय विचारायचं, म्हणून तो भला माणूस तसाच वळला आणि अक्काच्या घरी निरोप देऊन आला. मी गावी पोहोचायच्या आधीच अक्का बैलगाडीतून ऊर बडवत शिवारात शिरली होती. मागून सासरची चार माणसं, खांद्यावर उपरणी टाकून. आणि ज्यांच्या नावाने रडणं चाललं होतं ते आबा ओट्यावर बसून दोर वळत होते.

मागून मी पोहोचलो. आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दोर बाजूला ठेवला. आवाज चढवला नाही. अक्काला म्हणाले, "रडू नको, बाई. मी जिवत शे. यानी मना दहावा करी टाका." जित्या बापाचा दहावा घालणाऱ्या माझ्याशी ते त्यानंतर बोलले नाहीत.

मिशी दोन महिन्यांत पूर्वीसारखी झाली. आबांचा शब्द काही परत आला नाही. चैत्रात देवीचा मुखवटा मला मिळाला नाही. साठीच्या आबांनी तो स्वतः चढवला. भादव्यात त्यांना ताप आला आणि सारं गाव माझ्या ओठाकडे बघू लागलं. मलाही वाटू लागलं की हे त्याचंच फळ. विडी ओढत देवी झालो, बापाच्या जिवावर नटलो, आता ती वसूल करते आहे. आबा त्यातून उठले, पण गुडघे गेले. पुढच्या चैत्रात ते पुन्हा उभे राहिले. चौथ्या फेरीला मुखवटा कलंडला. मी सावरायला धावलो, तर त्यांनी मुखवट्याच्या आतूनच हात झटकला. चारचौघांत झटकलेला तो हात मला तापापेक्षा जड गेला.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणीला माहेरी आणायला भाऊ जातो. त्या वर्षीही आबांनी मला पाठवलं नाही. दुखरे गुडघे घेऊन स्वतःच धुळ्याला निघाले. त्याच दिवशी मीही, फक्त मायला सांगून, दुसऱ्या वाटेने धुळं गाठलं. ते चित्र तिथे लागलं होतं. मी ते पाहिलेलं नव्हतं. एकदा बघायचं, तिथेच देवीची माफी मागायची, आणि गाव सोडून कायमचं कुठेतरी निघून जायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

कापसाचा हंगाम संपलेला, म्हणून सरकी काढायच्या एका जिनाची वखार रिकामी होती. खिडक्यांना गोणपाटं ठोकून तिथे भर दुपारी अंधार केला होता. दाराशी वहाणांचा ढीग. वहाणा घालून आत जाणं कुणाला सुचलंच नव्हतं. पांढऱ्या पडद्यापुढे नारळ फुटले होते, उदबत्त्या लावल्या होत्या, बाजूला पेटी आणि तबला. मी अगदी मागे, खांबाला टेकून उभा राहिलो. आणि खेळ सुरू व्हायच्या बेतात असताना दारातून आबा आत आले.

त्यांच्या हाताला धरून एक म्हातारी होती. पुढे आबांनीच मायला सांगितलं ते असं. ते वखारीवरून मान खाली घालून निघाले होते. इतक्यात या बाईने त्यांचा हात धरला. तिला दिसत नव्हतं. म्हणाली, आत देवी आली आहे म्हणतात, मला घेऊन चल आणि काय दिसतं ते सांग. आबांनी दुसऱ्या कुणाला तरी सांगून पाहिलं, पण हिने हात सोडला नाही. आंधळ्या माणसाला नाही म्हणणं आबांच्या स्वभावात नव्हतं. ते माझ्यापासून चार हातांवर, माझ्याकडे पाठ करून बसले.

पडद्यावर देवी आली तशी सारी वखार उठून उभी राहिली. मी स्वतःला शोधू लागलो. हे नाक माझं, ही करंगळी माझी, या लुगड्याला विडीचं भोक पडलं होतं ते कुठे आहे? काही सापडेना. समोर जी होती तिच्याकडे मला वर मान करून बघवेना. इतकी वर्षं तिच्या नावाने नाचलो आणि तिला समोरून असं पहिल्यांदाच पाहत होतो.

म्हातारी विचारत होती, "माय कशी दिखस रे भाऊ?" आबा हळू आवाजात सांगत होते. कपाळाला कुंकू आहे, हातात त्रिशूळ आहे. दैत्य पडला. मग ते थांबले. म्हातारीने पुन्हा विचारलं, आता काय करते आहे?

"रडी राहिनी," आबा म्हणाले. ते मान पुढे काढून पडद्याकडे बघू लागले. मग त्यांचा आवाज आला, "धाकला व्हता तवय असाच रडे."

"कोन?"

"मना आंडोर. तो शे ती."

मना आंडोर, म्हणजे माझा मुलगा. सव्वा वर्षात आबांच्या तोंडून हा शब्द निघाला नव्हता. म्हातारीला काही नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "व्हई. पन आते ती माय शे. पाया पड, भाऊ."

आणि माझे आबा, ज्यांनी मला मुखवटा पेलायला शिकवलं, ते दुखरे गुडघे टेकून त्या पडद्यापुढे वाकले. त्यांच्या मागे मीही जमिनीला डोकं लावलं. आम्ही दोघं बापलेक एकाच आईपुढे पडलो होतो, आणि ती कोणाच्या चेहऱ्याने आली होती याचं मला काहीच वाटत नव्हतं.

खेळ संपला. गोणपाटं निघाली, उजेड झाला. आबांनी शेजारी पाहिलं तर म्हातारी नव्हती. दाराशी, वहाणांपाशी, रस्त्यावर त्यांनी शोधलं. पेटीवाल्याला विचारलं. कुणालाच सांगता येईना. ती कोण होती, हे मी आजही सांगू शकत नाही. गर्दीत कुणी नातेवाईक तिला घेऊन गेला असेल. त्यावर वाद घालायची मला कधी गरज वाटली नाही.

शोधता शोधता आबा माझ्यापुढेच येऊन उभे राहिले. मी मान वर केली नाही. त्यांनी माझा खांदा धरला, बहुधा गुडघ्यांना आधार म्हणून, आणि म्हणाले, "चाल. अक्काले लेवाले जाऊत."

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. चित्रं आता बोलू लागली, त्यातले देव गाऊ लागले. आमचं चित्र कुठे गेलं कुणास ठाऊक, आणि मी त्यात होतो हे सांगायला माझ्याकडे एक तसबीरही नाही. पूर्वी याची खंत वाटली असती. पडद्यावरचा देव खोटा असतो, असं शिकलीसवरली मंडळी म्हणतात तेव्हा मी गप्प बसतो. मला एवढंच ठाऊक आहे की मी मिरवायला गेलो होतो आणि तिने माझं मिरवणं बाजूला ठेवून माझ्याकडून आपलं काम करून घेतलं. माझी विडी, माझा अपराध, आबांचा राग, सगळं तिने वापरलं. तिच्या हाती पडलेलं काही वाया जात नाही, हे कळल्यावर माणसाने आपला हिशेब तिच्यापुढे मांडू नये, नुसतं उभं राहावं.

आणि एक सांगतो, ते मात्र छाती पुढे काढून. गावातली टवाळ मंडळी आबांना 'देवीना बाप' म्हणून चिडवू लागली होती. आबा चिडले नाहीत. पुढे कधी बाजारात, गाडीत कुणी परक्याने त्यांना तुम्ही कोण म्हणून विचारलं, तर ते पागोटं नीट करत आणि म्हणत, "मी देवीना बाप." नाव त्यानंतर सांगत, तेही समोरच्याने पुन्हा विचारलं तर.