चिंचेने घासलेल्या पुंगळ्या

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावच्या आमच्या शूटिंग क्लबात मराठी माणसं दोनच, मी आणि दीपक. पण कोविडच्या काळात इतके किस्से साठले की हल्ली घरी पाहुणे आले की बायको त्यांना सांगते, आधी जेवून घ्या, मग याला सुरू करू द्या.

झालं असं की दुकानांत काडतुसं मिळेनाशी झाली. क्लबातला कीथ चौऱ्याहत्तर वर्षांचा, एकटा राहणारा शेतकरी. तो म्हणाला, वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या टाकू नका. स्वच्छ करून आणा, त्याच पुन्हा भरू. याला म्हणायचं रीलोडिंग.

*

मी पुंगळ्या मोज्यात घातल्या, गाठ मारली आणि मोजा इतर कपड्यांबरोबर वॉशिंग मशीनमध्ये टाकला. गाठ सुटली. माझी घरूनच मीटिंग चालू होती. मॅनेजरने विचारलं, तुमच्याकडे गारा पडतायत का? मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी माझी बायको मुग्धा शिफ्टला गेली. ती नर्स. हॉस्पिटलच्या दारात ताप मोजून घेताना तिने युनिफॉर्मच्या खिशातून पेन काढलं आणि पुंगळी टणकन फरशीवर पडली. रांग दोन पावलं मागे सरकली. सिक्युरिटीवाल्याने ती उचलली, उजेडात धरून पाहिली.

"नवऱ्याला सांग," तो म्हणाला, "आधी बुडातली जळकी टिकली काढायची, मग धुवायचं."

*

दीपक युनिव्हर्सिटीत शिकवतो, म्हणून त्याने आधी वाचन केलं. अक्रोडाच्या कवचांच्या चुऱ्यात पुंगळ्या घुसळल्या की लखलखतात, असं त्याला कळलं. त्याने पोतंभर अक्रोड मागवले. तीन आठवडे त्याच्या घरी अक्रोडाचा शिरा, अक्रोडाची चटणी, अक्रोडाचे लाडू. मुलगी तर "नॉट अगेन, बाबा" म्हणून ताटावरून उठायची. कवचं कुटताना खलबत्ता फुटला.

शेवटी त्याने वाटीभर चुरा अभिमानाने कीथला दाखवला. कीथ म्हणाला, "छान. पेट शॉपमध्ये सरड्यांच्या पिंजऱ्यात घालायला हाच मिळतो. तयार."

*

माझी आई तीन महिन्यांसाठी आली होती. विमानं बंद झाली आणि ती वर्षभर अडकली. घरात बसून कंटाळली, रडायलाही लागली. एकदा माझ्या काळ्या पुंगळ्या पाहून तिने चिंच भिजवली, मीठ घातलं आणि देवाची भांडी घासावीत तशा त्या घासल्या. कीथने पाहिल्या आणि आपली अख्खी बादली आणून दिली.

मग रोज आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, व्हरांड्याच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला कीथ. तिला इंग्रजी येईना, त्याला मराठी. तरी गप्पा चालायच्या; तो तिला 'मेट', म्हणजे दोस्त, म्हणायचा. आईचं रडणं थांबलं.

अखेर तिकीट मिळालं. निघायच्या दिवशी सकाळीही तिने कीथची राहिलेली बादली संपवली. टूवूंबाच्या विमानतळावर सिडनीच्या विमानापर्यंत मी सोबत होतो. सिक्युरिटीच्या बाईने आईच्या हातांवरून तपासणीची पट्टी फिरवून मशीनमध्ये घातली आणि मशीन ओरडलं. स्फोटकांचा अंश! पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. एक साहेब आले. विमान सुटायला अर्धा तास.

त्यांनी आईला हळू आवाजात विचारलं, ऑस्ट्रेलियात इतके दिवस काय करत होतात? मी भाषांतर करायला पुढे झालो. आईने मला हाताने थांबवलं, पदर सावरला आणि स्वतःच उत्तर दिलं.

"रीलोडिंग, मेट."