मांजरपाटावरचे अंगठे

गिरण्यांचा संप मोडून पंधरा-सोळा वर्षं झाली होती. बाबांची गिरणी कायमची बंद पडली होती आणि मी फोर्टातल्या एका कलादालनात दुभाषी म्हणून काम करत होते. तिथे त्रिनिदादहून एक चित्रकर्ती आली. तिच्या पणजोबांना गोऱ्यांनी करारावर अंगठा घेऊन, हिंदुस्थानातून जहाजात घालून, तिकडच्या उसाच्या मळ्यांवर नेलं होतं. ते परत आलेच नाहीत. त्या अंगठ्यावरच तिला काम करायचं होतं. मांजरपाटाचं लांबच लांब जाडंभरडं कापड आणि त्यावर आमच्या लालबागच्या गिरणी कामगारांचे निळ्या शाईतले अंगठे.

माणसं जमवायचं माझ्याकडे आलं. पहिलं नाव मी बाबांचं दिलं.

चाळीच्या व्हरांड्यात कापड अंथरलं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले आणि त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"सही नको बाबा, अंगठा हवाय."

"माका सही करूक येता."

येत होतीच. सातवी पास माणूस. संपात चाळीखालच्या फळ्यावर रोजची बातमी तेच लिहायचे. शेजारच्या चाळींतली माणसं मुद्दाम वाचायला यायची.

"सगळे अंगठाच देतायत," मी म्हटलं. "माझी नोकरी आहे ही."

त्यांनी पेन परत खिशाला लावलं आणि अंगठा पुढे केला. चित्रकर्तीने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. तिचे डोळे भरून आले होते.

"काय म्हणता ती?"

"तुम्ही तिला तिच्या पणजोबांसारखे वाटता."

"तेंका लिवक येत नसात," बाबा म्हणाले. हे मी तिला सांगितलं नाही.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी बाबा आले. कापडाकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. शेजारची पाटी मात्र ओळ न् ओळ वाचली. 'निरक्षर गिरणी कामगारांचे अंगठे.'

"ह्या कोणी लिवल्यान?"

"इंग्रजीत तसंच होतं, बाबा."

"मी मराठीचा इचारतंय."

मराठी माझं होतं. लिहिताना तो शब्द खटकला होता, पण छपाईला उशीर होत होता म्हणून मी गप्प बसले.

बाबा एकटेच बस पकडून घरी गेले. दुसऱ्या दिवशी मी चित्रकर्तीला सगळं सांगितलं. ती खजील झाली, पाटी बदला म्हणाली. दालनाच्या बाई म्हणाल्या, आता कुठे, छापून झालंय सगळं. महिन्याभराने कापड पाटीसकट परदेशी गेलं.

बाबा पुढे आठ वर्षं जगले. माझ्याशी बोलायचे, मी वाढलेलं जेवायचे. पण माझ्या कामाबद्दल त्यांनी पुन्हा अवाक्षर विचारलं नाही. त्या प्रदर्शनाच्या वर्षीच मला बढती मिळाली होती. ती मी घरी सांगितलीच नाही.