ताईच्या सासऱ्यांचा कॅमेरा

रागावलेली माणसं मी नोकरीमुळे पुष्कळ पाहिली. वर्तमानपत्राच्या कचेरीत रोज दोन-चार तरी येतातच. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतका नीटनेटका, तारीख-वेळ घातलेला आणि तीन प्रतींत केलेला राग मुंबईच्या उपनगरांत दुसऱ्या कोणाजवळ नव्हता, हे मी खात्रीने सांगू शकतो. ते कधी ओरडले नाहीत. ओरडणं त्यांना मोघम वाटायचं. भांडुपच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं त्यांनी ड्राफ्ट्समन म्हणून यंत्रांचे नकाशे काढले होते, आणि ज्या कागदावर माप, तारीख आणि सही नाही तो कागद रद्दीच, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. लग्नानंतर ताईने पहिल्यांदा त्यांच्या हाती किराणा सामानाची यादी दिली तेव्हा ती तशीच परत आली. खाली लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'तारीख नाही.' ताई तेव्हा रडली होती. पुढे तीही भाजीच्या चिठ्ठीवर तारीख घालू लागली.

घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. घर घाटकोपरला, लालबहादूर शास्त्री मार्गावर, ज्याला जुने लोक अजून आग्रा रोडच म्हणतात. पहिला मजला, रस्त्यावर गॅलरी, गॅलरीच्या बरोबर खाली सिग्नल, आणि सिग्नलपलीकडे शाळा. निवृत्तीच्या पहिल्याच महिन्यात अण्णा गॅलरीत चहा पीत असताना एका टेम्पोने लाल दिव्यात शाळेच्या शिपायाला उडवलं. पाय मोडला. टेम्पो निघून गेला. अण्णांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून ते साक्ष द्यायला चौकीत गेले. हवालदाराने नंबर विचारला. अण्णा म्हणाले, "निळा टेम्पो होता." हवालदार म्हणाला, "काका, निळे टेम्पो कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत किती आहेत, मोजलेत कधी?" तो चेष्टा करत नव्हता. पण केसाच्या जाडीपर्यंत मापं घेतलेला माणूस भर चौकीत 'निळा' एवढंच सांगू शकला, ही गोष्ट अण्णांना शिपायाच्या पायाइतकीच लागली. शिपाई पुढे काठी घेऊन घंटा द्यायला येऊ लागला. ती घंटा गॅलरीत ऐकू यायची, आणि ऐकू आली की अण्णा हातातला पेला खाली ठेवायचे.

आठवड्याभरात त्यांनी फोर्टातून एक जुना रशियन कॅमेरा आणला, कोपरभर लांब नळीच्या लेन्सचा. तो गॅलरीच्या कठड्यावर शिकंज्याने घट्ट बसवला, आणि सकाळी साडेदहा ते साडेबारा, पुन्हा संध्याकाळी शाळा सुटताना, अशी दोन वेळची पाळी लावून घेतली. पाळीत ते बोलत नसत. कोणी भेटायला आलं तर पाठमोरेच "बसा" म्हणत, आणि पाहुण्याला तासभर त्यांचं डोकं आणि लेन्सचं टोक बघत बसावं लागे. फिल्म धुण्यासाठी त्यांनी मोरी ताब्यात घेतली. खिडकीला काळं कापड, नळाखाली ट्रे, घरभर हायपोच्या रसायनाचा वास. "आमच्याकडे यायचं तर घरून आंघोळ करून ये," असं ताई मला फोनवर सांगायची. दोरीवर तिच्या परकरांशेजारी ओल्या निगेटिव्हच्या पट्ट्या चिमट्यांनी लटकत. शेजारणीने एकदा विचारलं, "काय गं, हे काय वाळत घातलंयस?" ताई म्हणाली, "आग्रा रोड."

त्यांचा फोटो म्हणजे नकाशाच असायचा. गाडी, सिग्नलचा लाल दिवा, पट्टे, माणसं, सगळं आलं पाहिजे. कात्री लावायची नाही. "कापलेला पुरावा म्हणजे पुरावा नव्हे," हे त्यांचं एक वाक्य. प्रत्येक फोटोच्या कडेला पांढऱ्या शाईने तारीख, मिनिटापर्यंत वेळ, वाहन कुठून कुठे चाललं होतं, आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. हा बाण पाहून मी एकदा हसलो. "अण्णा, उत्तर कशाला हवी?" ते म्हणाले, "तुम्हा बातमीवाल्यांना दिशा नसली तरी चालतं. मला नाही चालत." सोबत पोलिसांना एक पत्र जायचं. अक्षर छापल्यासारखं, मजकूर कोरडा, आणि शेवटी सवयीने 'कळावे, लोभ असावा.' त्यांच्या स्वतःच्या भाचीच्या लग्नात सगळे मांडवात अक्षता टाकत होते तेव्हा अण्णा बाहेर नवरदेवाच्या फुलं लावलेल्या गाडीचा फोटो घेत होते, कारण ती पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर उभी होती. पत्र वरपित्याला गेलं. लोभ असावा म्हणून. भाचीला ते पुढे दोन दिवाळ्या ऐकावं लागलं. ताई हे सांगताना हसायची आणि मीही हसायचो. त्या हसण्याची आता मला चीड येते.

त्या वेळी मात्र कोणी भांडायला आलं तरी अण्णांची बाजू बरोबर वाटायची. एक टॅक्सीवाला जिना चढून आला. "ओ काका, तुम्ही काय पोलीस आहात का?" अण्णा म्हणाले, "नाही. पोलीस असतो तर या वेळेला जेवायला गेलो असतो." टॅक्सीवाला हसला, चहा पिऊन गेला. पट्टे पुसट झाले होते ते पुन्हा रंगले. शाळा सुटताना गाड्या थोड्या दबकून जाऊ लागल्या; 'वर म्हातारा बसलाय' ही खबर रिक्षावाल्यांत मुलुंडपर्यंत पोचली होती. मी आमच्या पानावर चार ओळी दिल्या, 'जागरूक नागरिक' असं शीर्षक घालून. त्या चार ओळींच्या जोरावर मी आणखी एक काम केलं, आणि ते मी इथे नीट नोंदवतो, कारण या हकिकतीत खरा दोष त्याचा आहे. अण्णांकडे गाड्यांचे नंबर होते, पत्ते नव्हते. वाहनांच्या नोंदणीचं काम करणारा एक कारकून माझ्या चांगल्या ओळखीचा होता. मी त्याला यादी देऊ लागलो आणि तो मला मालकांची नावं-पत्ते देऊ लागला. अण्णांची पत्रं आता थेट मालकांच्या घरी जाऊ लागली. कोणी विचारलं नाही, कोणी अडवलं नाही. मला ती समाजसेवा वाटली. ज्यांचे पत्ते मी वाटत होतो त्यांना काय वाटेल हा प्रश्न मला पडला नाही, आणि प्रश्न विचारणं हीच माझी नोकरी होती.

एका रविवारी अकराच्या सुमाराला मी ताईकडे असताना दारात एक बाई उभी राहिली. तिशीच्या आतली. फिकट पिवळी साडी, खांद्याला पिशवी. चालत आल्याने घामेजलेली. तिने पिशवीतून अण्णांचं पत्र काढलं.

"काका, हे तुम्ही पाठवलंत ना? ती मोपेडवाली मी."

अण्णा पाळीवर होते, पण वळले. पत्र घेतलं, तारीख पाहिली आणि म्हणाले, "अकरा बावन्न. लाल दिवा. उजवीकडे वळण."

"हो. दिवा मी तोडला. घाईत होते. त्याचं मी काही म्हणत नाही, चौकीत जाऊन पावती फाडते. पण हे माझ्या सासऱ्यांना का पाठवलंत?"

"गाडी त्यांच्या नावावर आहे."

"चालवत मी होते ना? फोटोत दिसत नाही मी?"

"दिसता."

"मग मला सांगायचं होतं."

ताईने तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. उभ्याउभ्या तिने जे सांगितलं ते एवढंच होतं. सासर मुलुंडला. लग्नात मानपानावरून बिनसलं आणि माहेर बंद झालं. जायचं नाही, बोलायचं नाही. माहेरी आता एकटी आई, इथे घाटकोपरलाच, असल्फ्याच्या बाजूला. तिची उजवी बाजू लुळी पडलेली. भाऊ मस्कतला. शेजारीण सकाळचा चहा देते, पण जेवण कोण देणार? म्हणून ही घरी भांडुपच्या शिवणक्लासचं नाव सांगून रोज मोपेडवर डबा घेऊन यायची, आईला भरवायची आणि दीड वाजायच्या आत परत मुलुंडला. आठ महिने कोणाला कळलं नाही. मग अण्णांचा फोटो गेला. पत्र सासऱ्यांनी फोडलं. भांडुपच्या क्लासला गेलेली सून घाटकोपरच्या सिग्नलला, हँडलला डबा, आणि खाली छापल्यासारख्या अक्षरात, 'मुलुंडकडून येऊन असल्फ्याकडे वळताना.'

"तो बाण पण दाखवला त्यांनी मला," ती म्हणाली. "म्हणाले, बघ, माणसाने दिशासुद्धा दिलीय."

मोपेडची चावी त्याच दिवशी काढून घेतली होती. आज ती देवळात जाते म्हणून निघाली होती आणि आईकडे न जाता आधी इथे आली होती.

अण्णा म्हणाले, "पण दिवा लाल होता." मी त्यांच्या तोंडून इतकं हळू वाक्य त्याआधी ऐकलं नव्हतं.

"होता ना. मी कुठे नाही म्हणते?" ती म्हणाली. "मी रोज याच रस्त्याने जायचे, काका. तुम्ही खाली येऊन हात केला असता तर थांबले असते. तुम्हाला माझा नंबर दिसला, डबा दिसला, मी कुठे चालले ते दिसलं. हाक मारावीशी नाही वाटली?"

ती गेल्यावर अण्णांनी कॅमेऱ्याच्या लेन्सवर झाकण घातलं. साडेअकराच वाजले होते. ताईच्या सासूबाईंनी कुकर लावला. त्या दुपारी पत्ता शोधत डबा घेऊन ताई असल्फ्याला गेली, आणि मग रोज कोणी ना कोणी जात राहिलं. पण ती आई भात चिवडायची आणि विचारायची, "माझी मुलगी का येत नाही? रागावलीय का?" जो गेला असेल तो त्यावर ताटात आणखी थोडं वरण वाढायचा.

पुढच्या रविवारी अण्णा मला म्हणाले, "मुलुंडला जायचंय. फोटो परत मागायचाय." कारखान्यात चुकीचा नकाशा बाहेर गेला तर ड्राफ्ट्समनने स्वतः जाऊन तो परत आणायचा, अशी पद्धत होती. तेहतीस वर्षांत त्यांच्यावर ती पाळी आली नव्हती.

सासरे सत्तरीचे, स्वच्छ धोतर, कपाळाला गंध. आम्ही कोण ते कळल्यावर त्यांनी आम्हाला कोचावर बसवलं आणि आत पोह्यांची ऑर्डर दिली. अण्णांनी पाठ केल्यासारखं सांगितलं, की पत्र चुकीच्या माणसाला गेलं, चालक सज्ञान असताना मालकाला कळवायचं कारण नव्हतं, चूक माझी आहे, तो फोटो परत द्या, आणि तुमच्या सुनेला आईकडे जाऊ द्या.

सासरे हसले. हसणं चांगलं होतं माणसाचं. "छे हो, चूक कसली? तुमच्यामुळे कळलं. आठ महिने आमच्या डोळ्यांत धूळफेक चालली होती. हल्ली कोण कोणासाठी एवढी तसदी घेतो? खरंच आभारी आहे मी तुमचा."

"फोटो," अण्णा म्हणाले.

"तो आहे कपाटात. राहू द्या. उद्या पुन्हा नाही म्हणाली तर दाखवायला बरा."

पोहे घेऊन ती आली. आमच्याकडे पाहिलंही नाही. बशा ठेवून आत गेली. अण्णांनी बशीला हात लावला नाही, आणि मला सांगायला हरकत नाही, त्या गृहस्थाच्या अंगावर धावून जावं असं मला वाटलं. मी गेलो नाही. गेलो असतो तर त्याने शांतपणे विचारलं असतं, आमचा पत्ता तुमच्याकडे आला कुठून?

बस थांब्यावर अण्णा म्हणाले, "इतके फोटो पाठवले. पोलिसांना, मालकांना. आज पहिल्यांदा कोणी आभार मानले."

मी कारकुनाकडे यादी नेणं बंद केलं. त्याला कारण सांगितलं, तर तो म्हणाला, "तुम्ही नाही तर दुसरा कोणी येईल यार. रजिस्टर तर उघडंच असतं." तो खोटं बोलत नव्हता. तेव्हापासून कोणी माझ्याकडे पाहून काही लिहून घेऊ लागलं की मला त्याच्या हातातली वही हिसकावून घ्यावीशी वाटते.

आईला वर्षअखेरीला भाऊ येऊन घेऊन गेला, नाशिकला मावशीकडे. तोवर मुलगी दोनदा आली, एकदा बसने, एकदा चालत. पुढचं मला माहीत नाही. अण्णांनी कॅमेरा विकला आणि ते खाली उतरले. शाळा भरताना-सुटताना ते पट्ट्यांवर उभे राहतात, एक हात वर करून. टेम्पोवाले शिव्या देतात. अण्णा शिवी देणाऱ्याच्या खिडकीशी जातात आणि जे सांगायचं ते त्याच्या तोंडावर सांगतात, न ओरडता. काठीवाला शिपाई कधीकधी त्यांच्यासोबत उभा असतो. आता अण्णांना शाईचं पेन धरवत नाही, पण हात वर राहतो.

परवा मी तिथून जात होतो. एका मोटारीने त्यांच्या सदऱ्याची बाही घासली आणि ती तशीच पुढे गेली. मी धावत गेलो. त्यांना लागलं नव्हतं. मी रागाने विचारलं, "अण्णा, नंबर घेतलात का?"

ते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत होते.

"नाही," ते म्हणाले. "मागून एक मोपेड येत होती. ती आहे का बघत होतो."