एकही चेंडू न टाकता

तमाम मराठी बांधवांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, बेसबॉलच्या सामन्यात फलंदाजाला एकही चेंडू न टाकता विजयी गोलंदाज ठरलेला इसम सध्या सौदीतल्या यान्बूत राहतो, रिफायनरीत पाइपलाइनी सांभाळतो आणि मूळचा नाशिकचा आहे. म्हणजे मीच. हारतुरे सवडीने पाठवावेत.

मुलीच्या अकरावीसाठी मायलेकी नाशिकला परतल्या आणि कंपनीच्या कंपाउंडमधला सुट्टीचा शुक्रवार भलताच लांब झाला. दुपारी एकट्यापुरता वरणभात, संध्याकाळी व्हिडिओ कॉल.

"जेवलात?"

"जेवलो."

"इकामा झाला रिन्यू?"

"झाला."

माझ्या राहण्याच्या परवान्याचा हा विषय संपला की दोघंही एकमेकांच्या मागच्या भिंती बघत बसायचो. मुलगी मागून "हाय बाबा" म्हणत निघून जायची. चारचौघांत मैफल मारणारा मी, पण घरच्यांना सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

म्हणून शेजारच्या अमेरिकन म्हातारबुवांच्या बेसबॉल संघात शिरलो. त्यांनी मला रिलीफ पिचर केलं. पहिला गोलंदाज थकला की येऊन सामना सावरायचा, असं ते मानाचं पद. आमचा पहिला गोलंदाज थकायचाच नाही. मी बाकावर पाण्याच्या कूलरशेजारी वाऱ्याबरोबर येणारी वाळू खात बसायचो.

एका शुक्रवारी त्याचा खांदा धरला. शेवटचा डाव, धावा बरोबरीत, समोरच्यांचा एकच गडी बाद करायचा राहिलेला. म्हातारबुवा म्हणाले, "सरळ टाक. डोकं चालवू नकोस."

चेंडू हातात घेतो तर काय, पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, थांबलेला त्यांचा फिलिपिनो वेल्डर बेस सोडून खुशाल पुढे सरकलेला. बेसबॉलमध्ये सगळेच तसे उभे राहतात, पण हे मला कुठे ठाऊक? क्रीज सोडलेला गडी दिसला की आपला हात आपोआप चालतो. फेकला चेंडू थेट पहिल्या बेसवर. तिथल्या आमच्या गड्याने तो झेलून वेल्डरला टेकवला. वेल्डर बाद. मग आमची फलंदाजीची पाळी आली, आमच्यातल्या एकाने धाव काढली आणि सामना खलास.

आकड्यांचं भलतं वेड असलेले म्हातारबुवा धावतच माझ्याजवळ आले. संघ पुढे गेला तेव्हा गोलंदाज मी होतो, म्हणून त्या खेळाच्या नियमाने विजय माझ्या नावावर होता आणि मी टाकलेले चेंडू होते शून्य. असं त्यांनी फक्त ऐकलं होतं म्हणे, कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला, जमिनीवर उशा मांडून बेस केले आणि सगळा सामना करून दाखवला.

"थांबा," बायको म्हणाली, "चेंडू टाकलाच नाही, तर जिंकलात कसे?"

"तीच तर गंमत आहे."

"म्हणजे तुमच्या साहेबांसारखं."

मुलगी खुर्ची ओढून आईशेजारी बसली. "बाबा, तो थ्रो परत दाखवा ना."

दाखवला. उशी थेट टेबललॅम्पवर गेली. दोघी पोट धरून हसल्या. हसता हसता बायको एकाएकी थांबली, मुलीसमोर असं काही ती सहसा बोलत नाही, पण बोलून गेली, "अहो, मला वाटलं होतं, तुम्हाला आता आमच्याशी बोलावंसंच वाटत नाही."