टायरवरची उडी

परवा मुक्ताला आणायला अंगणवाडीत जरा लवकर पोचले. अंगणात जुने टायर मांडले होते आणि मुलं त्यांवरून बेडकासारख्या उड्या मारत होती. माझी चार वर्षांची मुक्ता एका टायरवर उभी होती, पाय लटपटत होते. जन्मतः अशक्त, म्हणून आम्ही तिला कडेवरच वाढवलेलं. मी धावले, तर अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "थांबा हो, मुक्ताची आई. पडली तर उठेल."

मुक्ताने उडी मारली. गुडघ्यांवर पडली, फ्रॉक झटकला आणि हसत पुन्हा टायरवर चढली.

लांब उभं राहून बघण्यातही माया असते, हे मला तेव्हा कळलं. डोळे इतके भरून आले की ताईंचे आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे लिहिते आहे.