राहीआत्याचे सहा जिताडे

भिवंडीच्या बंदरावर अजून कोणी कोणी म्हणतं की राहीबाईनं हळदीच्या घरी मेलेले मासे नेले. जे म्हणतात ते तिथं नव्हते. मी होते. दुसरं वल्हं माझ्या हातात होतं. म्हणून सांगते, ज्याला राग येईल त्याला खुशाल येऊ दे.

राहीबाई माझी आत्या. नवरा खाडीत गेला तेव्हा ती चोवीस वर्षांची. दिरांनी होडी विकायला काढली, तर ही होडीत जाऊन बसली ती दोन दिवस उतरलीच न्हाय. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत गेलं. पुढं मी सहावीतून शाळा सोडली. गुरुजी म्हणाले, काशी, तुझ्या अंगाला मासळीचा वास येतो, मागं बस. मी मागं बसले न्हाय, सरळ घरी आले. घरात सगळे ओरडले. एकटी आत्या म्हणाली, "उद्यापासून चल माझ्यासंगं. मला न्हाय वास येत."

तिच्या होडीच्या पोटात मधोमध एक कप्पा होता. चारी बाजूंनी फळ्या घट्ट ठोकलेल्या, तळाला चार भोकं, भोकांना लाकडी बुचं. बुचं काढली की खाडीचं पाणी कप्प्यात खेळतं आणि मासा जिवंत राहतो. सोपं वाटतं? मे महिन्यात करून दाखवा. काठाजवळचं पाणी असं तापतं की मासा तोंड वर काढून घुसमटतो आणि तासाभरात उलटा होतो. आत्या काठाला कधीच बूच काढायची न्हाय. मधल्या धारेला जायची, आधी पाण्यात कोपर बुडवायची, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं, आणि मग बूच. वर ओलं गोणपाट आणि तिवराचा पाला. बुचं बंद असली की डालड्याच्या डब्यानं कप्प्यातलंच पाणी उचलायचं आणि हातभर वरून परत ओतायचं, म्हणजे पाण्याला वारा लागतो. कप्प्यात दहा मावायचे, पण ती सहाच ठेवायची.

"शेठ लोक खोलीत माणसं कोंबतात," म्हणायची, "आपण मासा कोंबायचा न्हाय."

चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात केसरीनाथशेठच्या मुलीची हळद होती. शेठ खाडीकाठचाच, बापाच्या जमिनीवर लूमचे गाळे बांधून मोठा झालेला. त्याच्या घरची रीत अशी की हळदीला नवऱ्यामुलाच्या माणसांसमोर जिवंत जिताडा मासा परातीत सोडायचा. तो उडाला की बायका गाणं धरतात, मग विळी. हलला न्हाय तर पाहुण्यांना शिळं घातलं म्हणून वर्षभर बोलणी. आणि उन्हाळ्यात जिता जिताडा आणावा तर राहीबाईनंच, असं तिचं नाव होतं. त्या नावावरच तिची होडी चालायची. नाव गेलं असतं तर दीर होडी विकायला टपलेलेच होते.

दहा वाजता भरतीच्या पाण्यावर आम्ही बंदराला लागलो. सहाही जिताडे ठणठणीत. शेठचा धाकटा भाऊ खाली आला. त्याला अख्खं गाव भाऊच म्हणायचं. अंगात टेरिकॉट, पायात नवी चप्पल.

आत्या म्हणाली, "भाऊ, आत्ताच न्या. घरच्या हौदात सोडा. ओहोटी लागते हाय."

"पाहुणे कुठं आलेत? त्यांच्यासमोर होडीतनं काढायचे, दादानं सांगितलंय."

"मग मी मधल्या धारेला थांबते. आले की हाक मारा."

"आणि पाहुण्यांना काय पोहत पाठवू? इथंच थांब, राहीबाई. उगाच शहाणपणा करू नको."

तिला शहाणपण शिकवणारा हा, जो आयुष्यात कधी घोटाभर पाण्यात उतरला न्हाय!

बारा वाजता होडी चिखलात बसली. बुचं बंदच होती, आम्ही दोघी डब्यानं पाणी ओतत राहिलो. होडीची कड हाताला चटके देत होती. दीड वाजला तरी पाहुण्यांचा पत्ता न्हाय. "तू हंडा घेऊन धारेचं पाणी आण," आत्या म्हणाली, "मी शेठलाच जाऊन सांगते." होडी पाव तास एकटी राहिली असेल.

मी हंडा घेऊन परत येते तर भाऊ चिखलावर टाकलेल्या फळीवरून हात पुसत उतरतोय, मागं हमाल.

"अख्खी लादी टाकली बर्फाची," भाऊ हसून म्हणाला. "आता बघ कसे ताजे राहतात."

"भाऊ, जिता हाय मासा! बर्फात घालतात का?"

"उपकार केले तर वर तोंड करतेस?"

कप्प्यात मासे धडका घेत होते. मग एकेक गप्प झाला. आत्या धावत आली, नुसत्या हातांनी बर्फ उपसून बाहेर फेकला. पाच उलटे झाले होते. सहावा तिनं छातीशी धरला आणि मांडीभर चिखलातून धारेला गेली. त्याचं तोंड वाहत्या पाण्यासमोर धरून उभी राहिली. नेमके तेव्हाच पाहुणे आले.

"राही, नाक कापलंस माझं!" शेठ काठावरून ओरडला. "मेलेले मासे आणलेस?"

भाऊ स्वतःची चप्पल बघत उभा. मी सगळं ओरडून सांगितलं, तर शेठ म्हणाला, "ह्या खोटारडीला कोणीतरी आवरा."

नवऱ्यामुलाची आजी ठमाबाई, राहायला पडघ्याला पण माहेर खाडीकाठचं, फळीवरून तुरुतुरु होडीत आली. तिनं कप्प्यात हात घातला.

"मे महिन्यात खाडीचं पानी इतकं गार? आनि ह्यो लाकडाचा भुसा कुठल्या भरतीत आला?"

बर्फाच्या लादीला लागलेला भुसा पाण्यावर तरंगत होता. पाहुणे भाऊकडे बघायला लागले.

"बर्फानं मासा टिकतो," भाऊ पुटपुटला.

"मेलेला टिकतो, बाळा. जित्याला कशाला टिकवतोस?"

तेवढ्यात आत्याच्या हातातल्या जिताड्यानं शेपटी मारली. "आण, आण, परातीत सोड!" शेठ ओरडला.

"सगळ्यांनी बघितला ना जिता?" आत्या म्हणाली. "बस." आणि तिनं हात सोडले.

पण ठमाबाई संध्याकाळी पडघ्याला गेली आणि भाऊची जीभ भिवंडीतच राहिली. "राहीबाईचे मासे मेले" एवढंच गावभर झालं. चार घरांनी बोलावणं बंद केलं. दीर परत गिऱ्हाईक घेऊन आले. आत्यानं त्यांना होडीला हात लावू दिला न्हाय आणि बंदरावर सांगून टाकलं, ह्यापुढं मी काठाला लागणार न्हाय. जिता मासा पाहिजे त्यानं माझ्या होडीपाशी यायचं.

लोक हसले. पण दुसऱ्या मे महिन्यात शेठच्या धाकट्या मुलीची हळद निघाली आणि इतर होड्यांतले जिताडे वाटेतच मेले. मग आला भाऊ. टेरिकॉटची पँट दुमडून, परात डोक्यावर घेऊन, चिखलातून.

"अजून पुढं या, भाऊ. तिथलं पाणी तापलंय."

तो कमरेपर्यंत पाण्यात आला. आत्यानं जिताडा परातीत सोडला. तो असा उडाला की भाऊच्या छातीवर आपटला. भाऊनं मिठी मारून धरला. बंदरावर ही एवढी माणसं उभी होती.

"जिता हाय ना, भाऊ?" आत्यानं विचारलं.

"हाय."

"मोठ्यानं बोला. बंदरावर ऐकू न्हाय गेलं."